गाडी मागे घ्यायची कशी: नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

गाडी शिकून वर्ष उलटलं तरी रिव्हर्स टाकायची वेळ आली की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. असे लोक भरपूर आहेत. माझी नणंद पुण्याहून कोल्हापूरला एकटी गाडी चालवत जाते, वाटेत कुठे अडत नाही. पण घरी परतली की सोसायटीच्या फाटकातून वॉचमनला हाक मारते आणि चावी त्याच्या हातात देते. तिला येत नाही असं नाही, तिला कुणी नीट शिकवलेलंच नाही. मी ज्या क्लासला जात होते तिथे एकवीस दिवसांतले जेमतेम दोन दिवस रिव्हर्सच्या वाट्याला आले होते, तेही आरटीओच्या चाचणीपुरते.

खरं तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये चाचणीत काय काय तपासायचं याची जी यादी आहे, तिच्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: उमेदवाराला गाडी मागे घेता आली पाहिजे, आणि मर्यादित जागेत डावीकडे किंवा उजवीकडे वळवून, ताबा न सोडता, बऱ्यापैकी अचूक आत घेता आली पाहिजे. रोजच्या आयुष्यात आपल्याला लागतं ते नेमकं हेच.

आधी माझ्या हातून काय झालं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं आहे. दिवाळीत आम्ही चिपळूणजवळ गावी गेलो होतो. निघायच्या दिवशी गाडी अंगणात उभी होती, तोंड घराकडे. मी बसले, तिन्ही आरसे पाहिले, मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. कोणी नव्हतं. गाडी हातभर मागे गेली असेल नसेल आणि खालून प्लास्टिक चिरडल्याचा आवाज आला. उतरून पाहिलं तर पुतण्याची तीनचाकी सायकल. लाल हँडल मागच्या चाकाखाली वाकडं झालं होतं, सीट तडकली होती. पुतण्या त्या वेळी पाणी प्यायला आत गेला होता. सायकलची उंची माझ्या डिकीच्या काचेपेक्षा कितीतरी कमी होती, म्हणजे मी दहा वेळा मान वळवली असती तरी ती मला दिसली नसती. आणि सायकलवर बसलेलं तीन वर्षांचं मूलही दिसलं नसतं.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून आहे: मागे काय आहे ते गाडीत बसून पुरतं कळत नाही, ते गाडीत बसायच्या आधी कळतं. अमेरिकेत २०१८ च्या मे महिन्यापासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. त्यामागच्या कायद्याला एका दोन वर्षांच्या मुलाचं नाव दिलेलं आहे. ते मूल घराच्याच आवारात, वडील गाडी मागे घेत असताना गेलं. वडील डॉक्टर होते, आरशात बघूनच गाडी मागे घेत होते.

बसायच्या आधी

गाडीच्या मागून फेरी मारून मगच ड्रायव्हरच्या दाराशी या. पंधरा सेकंदांचं काम आहे. मागच्या चाकांच्या मागे काय आहे बघा: वीट, बाटली, गटाराची उघडी फट. वाकून खाली बघा, उन्हाळ्यात आणि पावसात कुत्री-मांजरं गाडीखाली सावली नाहीतर कोरडी जागा धरून झोपतात. वर बघा: गॅलरीचा छज्जा, लोंबती वायर, समोरच्या टेम्पोतून बाहेर आलेल्या सळया. घरात किंवा आवारात लहान मुलं असतील तर ती कुठे आहेत हे मोजून घ्या, आणि एका मोठ्या माणसाला सांगा की गाडी निघून जाईपर्यंत यांचा हात सोडू नका. "मुलं आत आहेत" हे ऐकून चालत नाही, डोळ्यांनी दिसली पाहिजेत. निरोप द्यायला मुलं नेमकी गाडीच्या मागेच धावत येतात.

फेरी मारून झाल्यावर लगेच निघा. मोबाइल बघत पाच मिनिटं बसलात तर ती फेरी वाया गेली, पुन्हा उतरा.

बसणं, बघणं आणि पाय

गाणी बंद, ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली. पावसाळ्यात लोक काच उघडायला कंटाळतात, पण ओरडणाऱ्या माणसाचा आवाज बंद काचेतून येत नाही. पाठीमागची काच धुकटली असेल तर डिफॉगर लावा आणि ती साफ व्हायची वाट बघा.

सीट अशी हवी की अंग वळवलं तरी क्लच आणि ब्रेक पूर्ण दाबता येतील. ही गोष्ट किरकोळ वाटते पण इथेच मोठे अपघात होतात. अंग वळवलं की उजवा पाय नकळत सरकतो, आणि ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला जातो. गाडी उसळली की घाबरून आणखी जोरात दाबला जातो. म्हणून टाच जमिनीला टेकलेली ठेवा, पाऊल ब्रेकच्या समोर. सुट्या सपाता घालून रिव्हर्सचा सराव करू नका.

सरळ मागे जायचं असेल तर कमरेतून डावीकडे वळा, डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर, उजवा हात स्टेअरिंगच्या माथ्यावर, आणि मागच्या काचेतून बघा. वळत मागे जायचं असेल तर दोन्ही बाजूंचे आरसे जास्त उपयोगी. पण नजर एका जागी खिळू देऊ नका. मागची काच, डावा आरसा, उजवा आरसा, आणि हो, पुढची काचसुद्धा. पुढे का बघायचं ते पुढे सांगते. बाहेरचे आरसे बहुधा बहिर्वक्र असतात, त्यात गोष्टी असतात त्यापेक्षा लांब दिसतात. आरशात हातभर वाटलं तर प्रत्यक्षात वीतभर असू शकतं. खांबाजवळ जाताना डावा आरसा थोडा खाली वाकवा, म्हणजे मागचं चाक आणि जमीन दिसेल. काम झालं की पूर्ववत करा.

आता गिअर. गाडी पूर्ण थांबलेली असतानाच रिव्हर्स टाका. काही गाड्यांत गिअरच्या दांडीवरची रिंग वर उचलावी लागते, काहींत दांडी खाली दाबावी लागते, काहींत नुसता उजवीकडे आणि मागे जातो. दुसऱ्याची गाडी घेतलीत तर आधी उभ्या गाडीत क्लच दाबून दोनदा टाकून बघा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सची चक्रं सरळ दातांची असतात, म्हणून तो गिअर घूंऽ असा ओरडतो. गाडी बिघडली असं वाटून घाबरू नका. ताकद पहिल्या गिअरच्या आसपासची असते, म्हणजे थोडा जरी अॅक्सिलरेटर दिला तरी गाडी झेप घेते.

सपाट जागी अॅक्सिलरेटर लागतच नाही. हँडब्रेक सोडा, क्लच हळूहळू वर आणा, गाडी थरथरली आणि सरकायला लागली की पाय तिथेच धरा. हाफ क्लच. वेग वाढतोय वाटलं की क्लच केसभर दाबा, मंदावली की केसभर सोडा. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेकवरचा पाय सैल केला की ती आपोआप सरकते, सगळा खेळ ब्रेकवर करायचा. डॅशबोर्डवर आर हे अक्षर दिसल्याशिवाय ब्रेक सोडू नका.

वेग माणूस रमतगमत चालतो तेवढाच. याचा हिशोब करून बघा. ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटर. पार्किंग सेन्सर साधारण दीड मीटरवर वाजायला लागतो. म्हणजे चालण्याच्या वेगात तो वाजल्यावर तुमच्या हातात एक सेकंद असतो, ब्रेक दाबायला पुरतो. तोच वेग ताशी १५ केलात तर एका सेकंदात गाडी चार मीटरच्या पुढे गेलेली असते. सेन्सर वाजेल, आणि धडक दिल्यावरही वाजतच राहील.

स्टेअरिंगचा गोंधळ

सगळ्यांची गाडी इथे अडते. "मागे जाताना उलटं फिरवायचं ना?" असं विचारतात. नाही, अजिबात उलटं नाही. गाडीची पाठ ज्या बाजूला न्यायची, त्याच बाजूला स्टेअरिंग फिरवायचं. पाठ उजवीकडे हवी, उजवीकडे फिरवा. पाठ डावीकडे हवी, डावीकडे फिरवा. एवढं एक वाक्य पक्कं झालं की निम्मी भीती जाते.

गोंधळ होतो तो दुसऱ्या कारणानं. वळणारी चाकं पुढे आहेत आणि आपण जातोय मागे. म्हणजे गाडीचं वळणारं टोक आता शेपटीला आलं. पाठ उजवीकडे वळते तेव्हा नाक डावीकडे झपकन बाहेर फेकलं जातं, आणि पाठ वळते त्यापेक्षा मोठ्या वर्तुळात. नवा माणूस डोळे मागे लावून बसलेला असतो आणि पुढचा कोपरा शेजारच्या गाडीचं दार घासून जातो. पुढेही बघा म्हटलं ते यासाठी. ओरखडे मागच्या बंपरला पडतात असं आपल्याला वाटतं. नवशिक्यांच्या गाड्यांचे पुढचे कोपरे बघा म्हणजे कळेल.

आणखी एक फरक. पुढे जाताना वळण संपलं की स्टेअरिंग सैल सोडलं तरी ते आपणहून सरळ होतं. मागे जाताना तसं होत नाही, उलट ते आणखी वळू बघतं. म्हणून ते हातानं सरळ करावं लागतं, आणि किती फिरवलं होतं ते लक्षात ठेवावं लागतं. पूर्ण उजवीकडून सरळ यायला आपल्या गाडीत किती फेऱ्या लागतात ते एकदा मोजून ठेवा. बहुतेक छोट्या गाड्यांत दीड ते पावणेदोनच्या आसपास भरतात. चाकं सरळ आहेत की नाही कळेनासं झालं तर खिडकीतून डोकं काढून पुढच्या चाकाकडे बघा, त्यात कमीपणा काही नाही.

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवू नका असं जुने चालक सांगतात. टायर झिजतात हे खरं आहे. पण शिकताना मी फिरवायला सांगते. आधी थांबा, मग फिरवा, मग सरका. तिन्ही गोष्टी एकदम करायला हात सरावला की टायरची काळजी करता येईल.

मोकळ्या मैदानावर

रविवारी सकाळी मोकळं मैदान गाठा आणि पाण्याचे रिकामे वीस लिटरचे जार किंवा उंच बादल्या घेऊन जा. विटा नकोत, मागून दिसत नाहीत.

पहिल्या दिवशी फक्त सरळ रेषा. चुन्यानं किंवा दोरी टाकून वीस मीटरची रेघ आखा आणि तिच्या कडेनं मागे जा. स्टेअरिंग बोटभरच हलवायचं. गाडी भरकटली की नवा माणूस जोरात उलट फिरवतो, मग ती दुसरीकडे भरकटते, आणि गाडी सापासारखी नागमोडी जाते. भरकटली तर थांबा, पुढे जाऊन सरळ व्हा, पुन्हा मागे या.

दुसऱ्या दिवशी रेघ वळवा. तिसऱ्या दिवशी जार मांडा: सोसायटीत आपली जागा जितकी आहे तितक्याच रुंदीचा चौकोन, चार कोपऱ्यांना चार जार. जागा टेपनं मोजून आणा. साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब निघेल. वॅगन आरची रुंदी १.६२ मीटर आहे, म्हणजे बरोबर मध्ये लावली तर दोन्ही बाजूंना ४४ सेंटिमीटर उरतात. क्रेटा १.७९ मीटर, तिला प्रत्येक बाजूला ३५. यात आरसे धरलेले नाहीत. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण आपल्या गाडीचा आकडा माहीत असला की "बसेल का" या धास्तीचं हिशोबात रूपांतर होतं. बसणार आहे, फक्त सरळ न्यायची आहे.

दोन खांबांच्या मध्ये

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडी पाठीकडून आत घाला आणि निघताना नाकाकडून बाहेर पडा. लोक उलट करतात, कारण संध्याकाळी घाई असते. पण आत जाताना मागे काय आहे ते ठाऊक असतं: भिंत आणि दोन खांब, तिघंही जागचे हलत नाहीत. सकाळी बाहेर येताना समोरून शाळेची मुलं, दूधवाला, स्कूटर, कोणीही येऊ शकतं. हलत्या गोष्टींकडे डोळे असलेलं टोक आधी न्यावं. शिवाय आत शिरताना वळणारी चाकं शेपटीला असली की अरुंद तोंडातूनही गाडी नेमकी वळते.

जागा आपल्या उजव्या हाताला आहे असं धरू या, कारण ड्रायव्हरच्या बाजूचं सगळ्यात सोपं. जागेच्या तोंडापासून साधारण एक मीटर अंतर ठेवून तिच्यासमोरून सरळ पुढे जा. दुसरा खांब, म्हणजे पुढे जाताना नंतर येणारा, आपल्या मागच्या बंपरच्या सव्वा ते दीड मीटर मागे पडला की थांबा. छोट्या गाडीला हे अंतर जुळतं, मोठ्या गाडीला थोडं जास्त. आता स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे. डावीकडे पुढे बघा, समोरच्या रांगेत कोणाची गाडी किंवा उभा माणूस आहे का, कारण नाक तिकडे जाणार आहे. मग सरका.

उजव्या आरशात तो दुसरा खांब धरा. गाडी त्याच्याभोवतीच वळते आहे. धोका त्याचाच, पहिल्या खांबाचा सहसा नसतो. खांब आणि मागचं दार यांच्यात वीतभर जागा दिसते तोवर सरकत राहा. ती जागा मिटायला लागली तर थांबा, स्टेअरिंग सरळ करा, थोडं पुढे या, पुन्हा पूर्ण उजवीकडे. एका झटक्यात गाडी आत गेली पाहिजे असा कुठलाही नियम नाही. तीन वेळा पुढे-मागे करून लावलेली गाडीही सरळच उभी असते, आणि थांबायला पैसे पडत नाहीत. मागे हॉर्न वाजवणाऱ्याला वाजवू द्या.

दोन्ही आरशांत दोन्ही खांब सारख्या अंतरावर आणि गाडीला समांतर दिसले की थांबून स्टेअरिंग सरळ करा, मग सरळ मागे. भिंत किती जवळ आली हे कळण्यासाठी माझी एक युक्ती आहे. पहिल्यांदा कोणाला तरी उभं करून नीट लावा, आणि मग आपल्या सीटवरून खिडकीतून काय दिसतं ते बघा. माझ्या जागेत आरशाच्या बरोबर शेजारी खांबावरचा मीटरचा डबा येतो. तो आला की थांबायचं. खांबावर खडूची खूण केली तरी चालेल.

एक सवय मात्र मोडाच: दार उघडून, बाहेर झुकून मागे बघत गाडी घेणं. दार खांबाला अडकलं तर मागे जाणाऱ्या गाडीत ते पुढच्या बाजूला पिळवटून निघतं, आणि झुकलेला माणूस मध्ये सापडतो. झुकल्यावर पाय कुठे जातो ते वर सांगितलंच आहे.

रस्त्याच्या कडेला, दोन गाड्यांच्या मध्ये

आपल्या गाडीच्या साधारण दीडपट जागा असेल तरच शिकताना प्रयत्न करा. पुढच्या गाडीच्या शेजारी, दोन-अडीच फूट अंतरावर, मागचे बंपर एका ओळीत येतील असं थांबा. इंडिकेटर डावा. मागून येणाऱ्या दुचाक्या जाऊ द्या. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे करून सरका, पण नाक आता उजवीकडे रस्त्यात जाणार, तिकडे एक डोळा. गाडी रस्त्याशी तिरकी झाली, साधारण अर्ध्या काटकोनात, की थांबून स्टेअरिंग सरळ करा आणि तिरकेच मागे जा. आपला पुढचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या बंपरमधून सुटला की पूर्ण उजवीकडे आणि हळू मागे. गाडी समांतर होते. मागचं चाक फुटपाथला लागलं तर फार उशिरा वळवलंत, गाडी रस्त्यात राहिली तर फार लवकर. दोन्ही वेळी बाहेर येऊन पहिल्यापासून करा, आत राहून खटपट करण्यात अर्थ नसतो.

समोरून गाडी आली, आणि बाजू द्यायला जागा नाही

कोकणात गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, मध्ये एका गाडीपुरता रस्ता, आणि समोरून एसटी. मागे कोणीतरी जायलाच हवं. जागा ज्याला जवळ आहे त्यानं मागे जावं हे सगळ्यात शहाणपणाचं, आणि एसटी किंवा भरलेला टेम्पो यांच्यापेक्षा आपली गाडी मागे घेणं केव्हाही सोपं. चढणीच्या अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियम आहे, उतरणाऱ्यानं थांबायचं.

आत शिरतानाच रुंद जागा लक्षात ठेवत जा: देवळासमोरचं मोकळं, कुणाच्या बेड्याचं, म्हणजे आवाराच्या फाटकाचं, तोंड, वळणावरचा उंचवटा. मग दोनशे मीटर मागे जायची वेळ आली तरी कुठवर जायचं आहे ते ठाऊक असतं. एसटीच्या चालकाला हात करा म्हणजे तो अंतर ठेवतो. तो नाकाशी आला तर तुम्ही घाबराल आणि वेग वाढवाल. दोन्ही आरशांत गडगा सारख्या अंतरावर दिसला पाहिजे. नजर मागच्या काचेतून लांब टाका, गाडीच्या अगदी मागे नको. लांब बघितलं की गाडी सरळ राहते. पावसाळ्यात गवतानं गटार झाकलेलं असतं. कडेचं गवत म्हणजे जमीन असं कधीही धरू नका. शंका आली तर शेजारी बसलेल्या माणसाला उतरवा आणि चालत जाऊन बघायला सांगा.

उतारावर मागे जाताना, म्हणजे गाडीची पाठ उताराकडे असताना, क्लच पूर्ण दाबून नुसत्या ब्रेकवर घरंगळू देऊ नका. रिव्हर्स गिअरमध्येच ठेवा, इंजिन गाडीला धरून ठेवतं. पाठ चढाकडे असेल तर हँडब्रेक लावून, थोडा अॅक्सिलरेटर देऊन, हाफ क्लचवर गाडी ओढ घेते आहे असं जाणवल्यावरच हँडब्रेक सोडा. घाटात दरीच्या बाजूला पाठ करून गाडी वळवायचा प्रसंग आला तर वळवू नका. पुढे जाऊन रुंद जागा शोधा, पाच किलोमीटर गेले तरी चालतील.

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बस!"

मागे उभं राहून हात दाखवणारा माणूस हा आपल्याकडचा मोठा आधार आहे. पण त्याच्याशी आधी दोन शब्द बोला. त्यानं ड्रायव्हरच्या बाजूला, उजव्या आरशात दिसेल असं उभं राहायचं. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये कधीच नाही. थांबण्याची खूण एकच, वर केलेला तळहात. एका वेळी एकानंच सांगायचं. लग्नाच्या हॉलबाहेर चार जण चार बाजूंनी ओरडतात, त्यातल्या एकाला नेमा आणि बाकीच्यांना नम्रपणे गप्प करा. तो आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी गाडी थांबली पाहिजे, आवाज येत असला तरी. आणि तो "येऊ दे" म्हणाला तरी जबाबदारी तुमचीच राहते. तुम्हाला खांब दिसतो आहे आणि तो बोलावतो आहे, तर खांबावर विश्वास ठेवा.

सेन्सर आणि कॅमेरा यांचंही तसंच. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, कॅमेरा अनेक गाड्यांत असतो. दोन्ही चांगले आहेत, मला दोन्ही हवेत. पण बारीक खांब, साखळी, बंपरच्या खालची पायरी आणि वरून पुढे आलेली सळई सेन्सरला बरेचदा लागत नाही. चिखल बसला तर तो उगाच वाजतो, आणि उगाच वाजणाऱ्याकडे आपण लक्ष देईनासे होतो. कॅमेऱ्याची भिंग रुंद दृश्य दाखवते, म्हणून त्यात भिंत लांब वाटते. पावसाचा एक थेंब बसला की अर्धा पडदा गेला. बाजूनं धावत येणारं मूल पडद्यात शिरतं तेव्हा ते गाडीपाशी पोचलेलं असतं. पडदा हा चौथा आरसा समजा आणि तेवढाच वेळ द्या. गाडी धुताना कॅमेरा आणि सेन्सर बोटानं पुसून घ्या.

रात्री मागचा पांढरा दिवा फार लांब पोचत नाही. अंधाऱ्या जागी कोणालातरी टॉर्च घेऊन उभं करा, उजेड जमिनीवर पाडायला सांगा, तुमच्या आरशात नव्हे. एकटे असाल तर उतरून मोबाइलच्या उजेडात बघून या.

जिथे रिव्हर्स घ्यायचाच नाही

गल्लीतून पाठीकडून मोठ्या रस्त्यावर येऊ नका. दोन्ही बाजूंच्या उभ्या गाड्यांमागून तुम्हाला काही दिसत नाही आणि येणाऱ्याला तुमची फक्त डिकी दिसते, तीही अचानक. गल्लीतच गाडी वळवा, नाहीतर आत शिरतानाच पाठीकडून शिरा. एकेरी रस्त्यात उलट्या दिशेनं रिव्हर्समध्ये जाणं हे उलट्या दिशेनं जाणंच आहे. तोंड बरोबर दिशेला आहे म्हणून ते माफ होत नाही.

आणि द्रुतगती मार्ग. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर फाटा चुकला म्हणून कडेच्या पट्टीवरून मागे येणाऱ्या गाड्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, आत मुलं बसलेली. तिथे ताशी १०० नं येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. मागून येणारा चालक तुमच्या गाडीकडे बघतो तेव्हा ती पुढे जाते आहे असंच त्याला वाटतं. ती उभी आहे की मागे येते आहे हे त्याला कळेपर्यंत त्यानं शंभर मीटर गिळलेले असतात, आणि दिवसा पांढरा दिवा लांबून उठून दिसत नाही. फाटा चुकला तर चुकला. इंडिकेटर बंद करा, आपल्या लेनमध्ये राहा, पुढचा फाटा येईल तिथे उतरा आणि वळून परत या.